वाचण्याची शक्यता : एक प्रस्तावना

जालन्याहून राजूरला जाणारा रस्ता जेमतेम पंचवीस किलोमीटरचा. एरवी त्यावर शेतमालाच्या गाड्या, काळीपिवळ्या आणि दुचाक्यांची ये-जा असते. चतुर्थीला, त्यातही अंगारकीला, राजुरेश्वराच्या दर्शनाला पायी निघालेल्या माणसांची रीघ लागते. याच रस्त्यावर 18 जुलै 2024 रोजी, आषाढीची वारी करून पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांची काळीपिवळी तुपेवाडीजवळ विहिरीत कोसळली आणि सात जण दगावले. अशा प्रत्येक घटनेत मेलेल्यांची मोजदाद नीट होते. पंचनामा होतो, गुन्हा नोंदला जातो, दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आकडा येतो. जे जखमी होतात त्यांचे काय झाले, रुग्णालयाच्या दारात आणले तेव्हा त्यांची शुद्ध, नाडी आणि रक्तदाब काय होता, कुठल्या टप्प्यावर किती वेळ गेला, महिन्याभराने कोण कोणत्या अवस्थेत होते, हे मात्र सहसा एका ठिकाणी कुणीच लिहीत नाही. केसपेपर एका रुग्णालयात, रेफर चिठ्ठी दुसऱ्यात, सीटी स्कॅनची फिल्म नातेवाइकांच्या पिशवीत.

या पुस्तकाचा विषय तिथूनच सुरू होतो. एकाच माणसाला एकाच वेळी शरीराच्या दोन-तीन ठिकाणी जिवावर बेतणारी इजा झाली तर त्याचे पुढे काय होईल, हे किती खात्रीने सांगता येते, कशाच्या आधारे, आणि ते सांगून काय साधते? अशा रुग्णाला वैद्यकात पॉलिट्रॉमा म्हणतात. त्याची आज सर्वाधिक मान्य असलेली व्याख्या बर्लिनला ठरली आणि 2014 मध्ये प्रसिद्ध झाली: शरीराच्या किमान दोन भागांत गंभीर इजा हवी, आणि जोडीला पाचांपैकी किमान एक धोक्याची खूण हवी. वरचा रक्तदाब 90 किंवा त्याखाली, शुद्धीचे गुण 8 किंवा त्याखाली, रक्तात आम्ल साचलेले, रक्त गोठण्याची क्रिया बिघडलेली, किंवा वय 70 व त्यापुढे. या व्याख्येत दोन गोष्टी एकत्र आल्या: काय मोडले-फाटले ते, आणि शरीर ते कसे सोसते आहे ते. गेल्या पन्नास वर्षांत या क्षेत्रातले वाद याच दोहोंपैकी कशाला किती वजन द्यायचे याभोवती फिरले आहेत. अनेक जखमांचा रुग्ण वेगळा विषय का, हेही त्यातूनच कळते. नुसते मांडीचे हाड मोडले तर तरुण माणूस बहुधा वाचतो. डोक्याला मध्यम मार लागला तरी पुष्कळ जण सावरतात. पण मांडीच्या आत लिटरभर रक्त साचून रक्तदाब उतरला, बरगड्या मोडल्यामुळे श्वास उथळ झाला, की मेंदूला रक्तही कमी आणि प्राणवायूही कमी. मग सोसण्याजोगा डोक्याचा मार जीव घेतो. इथे जखमांची नुसती बेरीज करून भागत नाही, कारण प्रत्येक जखम दुसरीला वाईट करत असते.

मला या प्रस्तावनेत एकच मुद्दा मांडायचा आहे. असा अंदाज एका रुग्णाचे भविष्य सांगायला फारसा कामाचा नाही. उपचार करणाऱ्या व्यवस्थेचे काम तपासायला मात्र त्याच्याइतके चांगले साधन आजवर सापडलेले नाही. हवामान खात्याने पावसाची शक्यता सत्तर टक्के सांगितली आणि त्या दिवशी ऊन पडले, तर तेवढ्याने अंदाज खोटा ठरत नाही. असे शंभर दिवस घेऊन त्यांतल्या साधारण सत्तर दिवशी पाऊस झाला का, हे बघावे लागते. जखमींच्या अंदाजाचेही तसेच आहे. एखाद्याची वाचण्याची शक्यता ऐंशी टक्के निघाली, तर तो वाचलेल्या ऐंशींत असेल की दगावलेल्या विसांत, हे सूत्राला ठाऊक नसते. पण तसे शंभर जखमी एका जिल्ह्यात आले आणि त्यांतले विसांऐवजी चाळीस गेले, तर त्या जिल्ह्यात काहीतरी चुकते आहे असे म्हणायला जागा होते. अपेक्षित मृत्यू आणि प्रत्यक्ष मृत्यू यांतली तफावत हाच या सगळ्या शास्त्राचा खरा ऐवज आहे, आणि मराठवाड्यातल्या रुग्णालयांना तो आज हाती लागत नाही.

जखमेवरून परिणाम ओळखण्याचा प्रयत्न आपल्याकडे जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात 107 मर्मे सांगितली आहेत, आणि त्यांची एक वर्गवारी सरळ परिणामावरून केलेली आहे: 19 मर्मांवर घाव बसला तर सात दिवसांच्या आत मृत्यू, 33 मर्मांवर बसला तर पंधरवडा-महिन्यात, 44 मर्मांवरच्या घावाने अपंगत्व, 8 मर्मांवरच्या घावाने नुसती वेदना, आणि तीन मर्मे अशी, की रुतलेले शस्त्र आत असेपर्यंत माणूस जगतो, उपसले की जातो. आजही छातीत रुतलेली सळई अपघातस्थळी उपसू नका असे रुग्णवाहिकेतल्या कर्मचाऱ्यांना शिकवतात. या वर्गवारीचे शरीरशास्त्र आता जुने झाले आहे, पण तिची मांडणी पाहण्यासारखी आहे. जागा, परिणाम आणि मुदत या तिन्ही गोष्टी तिच्यात आहेत, आणि मृत्यूइतकीच दखल अपंगत्वाची घेतलेली आहे. आधुनिक सूत्रांना ही शेवटची गोष्ट अजून नीट जमलेली नाही.

आकड्यांचे आधुनिक युग मोटारीने आणले. अमेरिकेत रस्ते-अपघातांच्या अभ्यासासाठी 1971 मध्ये इजांची एक प्रमाणसूची प्रसिद्ध झाली, तिला एआयएस म्हणतात. तिच्यात प्रत्येक इजेला 1 ते 6 अशी श्रेणी असते, 1 म्हणजे किरकोळ आणि 6 म्हणजे जवळपास असाध्य. अडचण अशी, की एका माणसाला चार इजा असतील तर चार श्रेण्यांचे करायचे काय? बाल्टिमोरमधल्या रुग्णालयांत आलेल्या 2128 अपघातग्रस्तांच्या नोंदी घेऊन सुझन बेकर आणि सहकाऱ्यांनी 1974 मध्ये उत्तर दिले. शरीराचे सहा भाग करा, सर्वांत जास्त मार लागलेले तीन भाग निवडा, प्रत्येकातल्या सर्वांत गंभीर इजेच्या श्रेणीचा वर्ग करा आणि तिन्ही वर्गांची बेरीज घ्या. हेल्मेट नसलेल्या दुचाकीस्वाराच्या डोक्यात चौथ्या श्रेणीचा रक्तस्राव, छातीत तिसऱ्या श्रेणीची इजा आणि मांडीचे मोडलेले हाड, त्याचीही श्रेणी तीन: सोळा, नऊ आणि नऊ मिळून 34. कमाल गुण 75. पंधराच्या वर गेले की गंभीर जखमी. हीच ती आयएसएस पद्धत, आणि तिच्याशिवाय या विषयावरचा शोधनिबंध क्वचितच सापडतो. वर्ग का करायचा, याला शरीरशास्त्राचे कारण नव्हते. तसे केल्यावर गुण आणि मृत्यूचे प्रमाण यांचा मेळ सर्वांत चांगला बसला, एवढेच कारण होते. या क्षेत्रातली बरीच सूत्रे अशीच अनुभवातून जुळवलेली आहेत, आणि जिथला अनुभव तिथलेच सूत्र, हा त्यांचा स्वभाव वाचकाने पहिल्यापासून ध्यानात ठेवावा.

आयएसएसमधला दोष लवकरच दिसला. दोन्ही मांड्या मोडल्या तरी हातपायांचा भाग एकच, म्हणून गुण एकाच मांडीचे मिळतात. दोन्ही मांड्यांतून वाहिलेल्या रक्ताला सूत्रात जागा नाही. पुढे 1997 मध्ये बेकर यांच्याच सहभागाने सुधारित पद्धत आली. तीत भाग कुठलाही असो, सर्वांत गंभीर तीन इजा घेतात. मोठा दोष मात्र तसाच राहिला. शरीराच्या आत काय फाटले आहे हे सीटी स्कॅनमध्ये, शस्त्रक्रियेत किंवा शवविच्छेदनात कळते, आणि रुग्ण दारात येतो तेव्हा यांतले काहीच हाती नसते. म्हणून दुसऱ्या परंपरेने जखमेकडे पाहणे सोडून शरीराच्या प्रतिसादाकडे पाहिले. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट यांनी 1974 मध्येच शुद्ध मोजण्याची पट्टी दिली. आज तिच्यात डोळे उघडण्याचे 4, बोलण्याचे 5, हालचालीचे 6 असे कमाल 15 गुण, किमान 3. हिला यंत्र लागत नाही. माणसाला हाक मारायची, नाव-गाव विचारायचे. नीट सांगितले तर बोलण्याचे 5, गोंधळून बोलला तर 4, तुटक असंबद्ध शब्द आले तर 3, नुसता कण्हला तर 2, काहीच नाही तर 1. या शुद्धीच्या गुणांना वरचा रक्तदाब आणि श्वासांचा वेग जोडून चॅम्पियन आणि सहकाऱ्यांनी 1989 मध्ये सुधारित ट्रॉमा गुणांक बांधला. त्यात सर्वाधिक वजन शुद्धीला आहे, आणि अपघातातले मृत्यू पाहिलेल्या कुणालाही त्याचे नवल वाटणार नाही.

जखम आणि प्रतिसाद या दोन्ही परंपरा 1987 मध्ये ट्रिस या पद्धतीत एकत्र आल्या: इजेचे गुण, शरीराचे गुण, वय 55 च्या अलीकडे की पलीकडे, मार बोथट की भेदक. यांतून एक संख्या निघते, वाचण्याची शक्यता. तिच्यातले गुणक ठरले उत्तर अमेरिकेतल्या 139 रुग्णालयांच्या एका प्रचंड अभ्यासातून, ज्यात 1982 ते 1987 या काळातले 80 हजारांहून अधिक जखमी होते. ही पद्धत आली आणि प्रश्नच बदलला. हा रुग्ण वाचेल का, याच्या जागी असे इतके रुग्ण आले असता किती वाचायला हवे होते, हा प्रश्न आला. दर शंभर जखमींमागे अपेक्षेपेक्षा किती जास्त वाचले किंवा किती जास्त गेले, हे त्यावरून काढता येते. महाराष्ट्रातली सर्वांत बोलकी संख्या इथेच भेटते. मुंबईतल्या एका विद्यापीठीय रुग्णालयात उपचार झालेल्या हजाराहून अधिक गंभीर जखमींवर मुरलीधर आणि नोबोजित रॉय यांनी ट्रिस लावून पाहिले आणि निष्कर्ष 2004 मध्ये प्रसिद्ध केले. सूत्राच्या अंदाजाने साधारण 11 टक्के जखमी दगावायला हवे होते. प्रत्यक्षात 21 टक्क्यांहून अधिक दगावले. म्हणजे दर शंभर गंभीर जखमींमागे दहाच्या आसपास माणसे अशी, की जी सूत्र जिथे बांधले तिथे असती तर बहुधा घरी गेली असती.

या दहा माणसांचा अर्थ लावताना घाई चालत नाही. पहिली शंका अशी घेतली जाते, की सूत्र अमेरिकेचे, तिथले अनेक जखमी मोटारीत बसलेले. आपल्याकडे दुचाकीस्वार आणि पादचारी, तेव्हा तुलनाच गैर. शंका योग्य आहे, पण ती अर्धीच आहे. जखमा वेगळ्या असतील तर त्या इजेच्या गुणांत उतरायला हव्यात; सूत्र तेवढे सांभाळून घेते. त्याला सांभाळता येत नाहीत त्या गोष्टी वेगळ्या: जखमी झाल्यापासून दारात येईपर्यंत गेलेला वेळ, वाटेत न मिळालेला प्राणवायू, आधीपासूनचा रक्तक्षय. दुसरी शंका नोंदीची. आतल्या जखमा सापडल्याच नाहीत तर इजेचे गुण कमी निघतात, अपेक्षित मृत्यू कमी दिसतात आणि रुग्णालय आहे त्यापेक्षा वाईट ठरते. याच्या उलटही घडते: जे रस्त्यातच गेले ते मोजले जात नाहीत, आणि लांबच्या रुग्णालयात फक्त टिकाव धरलेले पोचतात. राजूर परिसरातला गंभीर जखमी आधी जवळच्या सरकारी दवाखान्यात, मग जालन्याला, मग आणखी साठेक किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयात जातो, तेव्हा प्रत्येक टप्प्यावर ही चाळणी लागते. घाटीत मोजलेला रक्तदाब दोन बाटल्या सलाईननंतरचा असतो. तोच सूत्रात घातला तर माणूस होता त्यापेक्षा धडधाकट दिसतो. या शंका सूत्र टाकून देण्यासाठी नाहीत. तफावत आहे, आणि ती वेळेमुळे, उपचारामुळे की मोजणीमुळे हे वेगळे काढायला हवे. त्यासाठी वाटेतल्या प्रत्येक टप्प्याची नोंद लागते. घोडे पेंड खाते ते इथे.

सूत्रे एका मुलखातून दुसऱ्या मुलखात नेताना काय होते, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण डोक्याच्या इजांचे आहे. क्रॅश नावाच्या चाचणीत अनेक देशांतले 10,008 जखमी होते. डोक्याच्या माराला स्टिरॉइड देण्याच्या पद्धतीने मृत्यू वाढतात, हे तिने सिद्ध केले आणि ती पद्धत मोडीत निघाली. त्याच नोंदींतून 2008 मध्ये अंदाजाचे सूत्र बांधताना संशोधकांना दोन सूत्रे करावी लागली, एक श्रीमंत देशांसाठी आणि एक बाकीच्यांसाठी. वय तेच, शुद्ध तीच, बाहुल्यांचा प्रतिसाद तोच, तरी मृत्यूची शक्यता देशावरून बदलत होती. कोण जास्त धोक्यात आणि कोण कमी, ही रांग सूत्रे बहुतेक ठिकाणी बरोबर लावतात. नेमके किती जाणार, हा आकडा मात्र स्थळ बदलले की चुकतो. रांग उधार आणता येते, आकडा इथेच घडवावा लागतो. गरीब मुलखांसाठी सोपी साधने करण्याचे प्रयत्न 1990 च्या दशकात युगांडातल्या कंपालापासून सुरू झाले. तिथल्या गुणांकात वय, गंभीर इजांची संख्या, रक्तदाब, श्वासांचा वेग आणि शुद्ध एवढेच आहे, आणि शुद्धही चारच पायऱ्यांत: जागा, हाकेला ओ देणारा, दुखवल्यावर हलणारा, निपचित. फ्रान्समधून 2010 मध्ये आणि जपानमधून 2011 मध्ये आलेले गुणांक आणखी आटोपशीर आहेत; जपानी गुणांकाला शुद्ध, वय आणि वरचा रक्तदाब या तीनच गोष्टी पुरतात. नाडीच्या ठोक्यांना वरच्या रक्तदाबाने भागून धक्क्याचा अंदाज घ्यायची रीत तर 1967 पासूनची आहे. भागाकार एकच्या पुढे गेला की सावध व्हायचे. राजूरच्या वाचकासाठी माझ्या मते विषयाचा गाभा या साधनांत आहे, कारण त्यांना लागणारी प्रत्येक गोष्ट कुठल्याही सरकारी दवाखान्यात पाच मिनिटांत मोजता येते.

दुसऱ्या टोकाला मोठ्या रुग्णालयांतली परंपरा आहे. तिथे रक्तातले लॅक्टेट, आम्लाची पातळी, गोठण्याचा वेळ आणि शरीराचे तापमान यांवरून ठरते, की मोडलेली हाडे आजच पक्की बसवायची की आज रक्तस्राव थांबवून, बाहेरून आधार देऊन चार दिवस थांबायचे. आधीच हादरलेल्या शरीराला लांबलेल्या शस्त्रक्रियेचा दुसरा धक्का सोसत नाही, हे 1990 च्या दशकापासून स्पष्ट होत गेले. इथे अंदाज थेट शल्यचिकित्सकाचा हात धरतो. जर्मनीच्या राष्ट्रीय ट्रॉमा नोंदवहीतून, जी 1993 पासून चालू आहे, निघालेली सूत्रे अशीच प्रयोगशाळेवर बेतलेली आहेत. संगणकाला हजारो नोंदी देऊन त्यालाच सूत्र शोधू देण्याचा मार्गही आता रुळला आहे. त्याविषयी मी थोडेच म्हणेन: नोंदी मुळात भरवशाच्या नसतील तर संगणकाचे सूत्रही तसलेच निघते.

आणि नोंदी भरवशाच्या का नसतात, हे जरा जवळून पाहायला हवे. श्वासांचा वेग पूर्ण मिनिट घड्याळ लावून मोजायचा असतो. जगभरच्या रुग्णालयांत तो न मोजता अंदाजाने 18 किंवा 20 लिहिला जातो. केसपेपरांच्या एखाद्या गठ्ठ्यात ओळीने विसाचा आकडा दिसला की समजावे, इथे कुणी छातीकडे पाहिलेले नाही. घशात नळी घातलेल्या रुग्णाला बोलण्याचे गुण किती द्यायचे हे ठरलेले नसते. दारू प्यालेल्या जखमीचे गोंधळलेले बोलणे कधी दारूच्या खात्यावर जाते आणि मेंदूतला रक्तस्राव मागे राहतो. वेळेच्या रकान्यात अपघाताची वेळ सहसा नसतेच, असते ती केसपेपर काढल्याची. आणखी एक गोष्ट आहे, जी मला सर्वांत जास्त खटकते. अपघाती मृत्यूत आपल्याकडे कायद्याप्रमाणे शवविच्छेदन होते. पुष्कळ श्रीमंत देशांतल्या संशोधकांना हेवा वाटावा अशी ही सोय आहे, कारण आतल्या सगळ्या जखमा त्यात लिहिल्या जातात. पण तो अहवाल तपास अधिकाऱ्याकडे जातो, तिथून विम्याच्या दाव्यात आणि न्यायालयात. ज्या वॉर्डात रुग्ण गेला तिथे तो परत येत नाही. आपल्या हातून निसटलेली जखम कोणती होती, हे उपचार करणाऱ्याला कळण्याचा एकमेव मार्ग असा बंद राहतो. भारतात हे वेगळ्या रीतीने करता येते, हे 2013 पासूनच्या टिटको प्रकल्पाने दाखवले. मुंबईचे केईएम आणि शीव, दिल्लीचे एम्सचे ट्रॉमा केंद्र आणि कोलकात्याचे एसएसकेएम अशा सार्वजनिक रुग्णालयांतून त्याने सुमारे 16 हजार जखमींच्या नोंदी एका साच्यात जमा केल्या. गर्दीने भरलेल्या सरकारी कक्षातही हे जमते. पण ही सगळी महानगरे आहेत. ज्या रुग्णाने तीन दवाखाने पालथे घातले त्याचा पहिला रक्तदाब त्यांत नाही.

या विषयावर घेतला जाणारा सर्वांत गंभीर आक्षेप नैतिक आहे. कागदावर दहा टक्के शक्यता दिसली की डॉक्टरचा हात आखडेल, रक्ताची पिशवी दुसऱ्याला जाईल, आणि मग रुग्ण दगावला की अंदाज खरा ठरल्याचे समाधान मानले जाईल. हा धोका खरा आहे. मेंदूच्या इजांत उपचार लवकर थांबवल्यामुळे अंदाज आपोआप खरे ठरत जातात, ही चर्चा जगभर चालू आहे. पण उत्तर अंदाज न करण्यात नाही. आकडा नसतो तेव्हाही हात आखडतोच. फरक एवढाच, की तो कुणाच्या लक्षात येत नाही. घाटीला न्यायचे की नाही, हा निर्णय आजही दारात उभ्या असलेल्या माणसाच्या मनातल्या अंदाजावर होतो, आणि त्यात वय, कपडे, सोबत आलेली माणसे आणि खिशातले पैसे मिसळलेले असतात. लिहिलेला अंदाज निदान तपासता येतो. ज्याची शक्यता दहा टक्के होती असे कितीतरी वाचले, हे नोंदवहीच दाखवू शकते. म्हणून या पुस्तकाने एक नियम पाळला आहे आणि मी त्याच्याशी पूर्ण सहमत आहे: गुणांक उपचार वाढवण्यासाठी, लवकर हलवण्यासाठी, वरिष्ठ डॉक्टरला झोपेतून उठवण्यासाठी वापरावा, एका रुग्णाचे उपचार थांबवण्याचा आधार म्हणून कधीही वापरू नये. रक्तस्राव रोखणाऱ्या ट्रॅनेक्झामिक ॲसिडचे उदाहरण इथे चपखल आहे. 2010 च्या क्रॅश-2 चाचणीत 40 देशांतल्या 20,211 जखमींवर त्याचा उपयोग पाहिला गेला. मृत्यूचे प्रमाण 16 टक्क्यांवरून साडेचौदावर आले, आणि पुढच्या विश्लेषणात दिसले की फायदा पहिल्या तीन तासांतच आहे. त्यानंतर दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू उलट वाढतात. औषध स्वस्त आहे, लहान दवाखान्यात ठेवता येते. धोका ओळखून ते पहिल्या दारातच द्यायचे की घाटीपर्यंत थांबायचे, हा राजूरसारख्या जागी जीवनमरणाचा निर्णय आहे.

दुसरा आक्षेप कामाच्या ताणाचा. एक डॉक्टर, एक परिचारिका, बाहेर जमाव, आत तीन जखमी. अशा वेळी गुण कुणी मांडत बसायचे? हे कागदी घोडे नाचवणे नाही का? अनुभवी नजर पुरेशी नाही का? नजर मौल्यवान आहे, आणि एका रुग्णापुरती ती पुष्कळदा सूत्राच्या तोडीची असते. पण नजरेची बेरीज होत नाही. एका डॉक्टरची बदली झाली की त्याची नजर त्याच्याबरोबर जाते, आणि वर्षाअखेरीस जिल्ह्याला काहीच कळत नाही. शिवाय लिहायचे आहे ते फार नाही: वय, अपघाताची वेळ, दारात आल्याची वेळ, शुद्ध, नाडी, रक्तदाब, श्वास आणि रेफर केल्याची वेळ. बेरीज नंतर कुणीही करील. याच्या मागे आणखी एक भीती असते, की आकडे बाहेर आले तर दवाखान्यावर खापर फुटेल. ती भीती निराधार नाही, आणि म्हणूनच गंभीरता जमेस धरलेला आकडा हवा. नुसते मृत्यू मोजले तर सर्वांत गंभीर जखमी घेणारे रुग्णालय सर्वांत वाईट दिसते. घाटीवर होणारा अन्याय हाच आहे, आणि तो याच शास्त्राने दूर होतो.

तिसरी गोष्ट मी आक्षेप म्हणून नाही, उणीव म्हणून नोंदवतो. जवळपास सगळी सूत्रे एकच परिणाम ओळखतात, जिवंत की मृत. जेनेट आणि बाँड यांनी 1975 मध्ये मेंदूच्या इजांनंतरच्या अवस्थांची पाच पायऱ्यांची पट्टी दिली आणि सहा महिन्यांनंतरचे आयुष्य मोजायला सुरुवात झाली; हाडांच्या, छातीच्या, पोटाच्या जखमांत हे अजून अपवादानेच होते. मजुरीवर जगणाऱ्या माणसाची मांडी तीन बोटे आखूड जुळली तर आयएसएसच्या लेखी तो यशस्वी उपचार आहे. त्याच्या घराच्या लेखी कमावता माणूस गेलेला असतो, शेत गहाण असते आणि मुलगा शाळा सोडून वीटभट्टीवर असतो. जिल्ह्यात आशा सेविकांचे जाळे आहे. सहा महिन्यांनी घरी जाऊन माणूस कामावर गेला का एवढे विचारणे तिला अशक्य नाही, मात्र त्या कामाचे पैसे तिला मिळायला हवेत.

हे सगळे आत्ताच का, याची कारणे रस्त्यावर आहेत. देशात 2022 मध्ये रस्ते-अपघातांत 1,68,491 माणसे गेली, त्यांत महाराष्ट्रातली 15 हजारांहून अधिक, आणि देशभरच्या मृतांत जवळपास निम्मे दुचाकीस्वार. जालना जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला झाला, आणि या भागाने पूर्वी क्वचित पाहिलेल्या वेगाच्या जखमा आता जिल्ह्याच्या दारात येतात. त्याच वेळी साधनेही वाढली आहेत. महाराष्ट्रात 2014 पासून 108 सेवेच्या 937 रुग्णवाहिका सुरू झाल्या आणि त्यांत डॉक्टर असतो, ही सोय पुष्कळ राज्यांत नाही. शुद्धीचे पहिले गुण रस्त्याच्या कडेलाच लिहिता येतील ते यामुळे. मोटार वाहन कायद्यात 2019 मध्ये झालेल्या दुरुस्तीने पहिल्या तासाची व्याख्या केली आणि मदत करणाऱ्याला संरक्षण दिले. मे 2025 मध्ये केंद्राने अपघातग्रस्तांसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या विनामूल्य उपचारांची योजना लागू केली. जालन्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय 2024 मध्ये सुरू झाले. पैसा, वाहन, कायदा आणि महाविद्यालय या चारही गोष्टी आल्या असताना त्यांनी किती जीव वाचवले हे सांगता येऊ नये, ही स्थिती मला मान्य करवत नाही.

हे पुस्तक तज्ज्ञांसाठी लिहिलेले नाही, आणि तज्ज्ञांना वगळूनही लिहिलेले नाही. ग्रामीण रुग्णालयातला वैद्यकीय अधिकारी, अपघात विभागातली परिचारिका, 108 वरचा डॉक्टर, नोंदी ठेवणारा लिपिक आणि जिल्हा परिषदेत आरोग्याच्या खर्चावर प्रश्न विचारणारा सदस्य, यांच्यापर्यंत हा विषय मराठीत पोचावा असा त्याचा प्रयत्न आहे. म्हणून गणित त्यात आहे, पण प्रत्येक सूत्र एका जखमीवर हाताने सोडवून दाखवले आहे. आणि कुठल्या सूत्राला कोणती माहिती लागते व ती आपल्याकडे कुठे सांडते, यावर सूत्रांच्या गुणगानापेक्षा अधिक पाने खर्ची घातली आहेत. मराठवाड्यासाठीचे तयार सूत्र मात्र यात नाही. एखादे सूत्र नव्या मुलखात खरे ठरते का हे तपासायला संख्याशास्त्राचा साधारण दंडक असा, की निदान शंभर मृत्यू आणि शंभर वाचलेले नोंदीत हवेत. गंभीर जखमींत पाचातला एक दगावतो असे धरले, तर पहिल्या दारापासून शेवटच्या दारापर्यंत सलग लिहिलेल्या पाचशे जखमींच्या नोंदी लागतील. परिशिष्टातला एक पानी तक्ता त्यासाठी आहे. त्याच्या तीन प्रती निघतात, एक पहिल्या दवाखान्यात राहते, एक रुग्णवाहिकेबरोबर जाते आणि एक जालन्याला.